लाल फेज

दुपारी तीनला आईचं मोडी अडतं.
पडद्यावरच्या मास्तरचा बोरू
'क'च्या पोटात शिरतो आणि तिथंच राहतो.
त्याच्या मनगटावर एक गोल फिरत बसतो.
"हात न उचलता लिहाचं म्हणते हा," आई म्हणते,
"अन् स्वतःच उचलून राह्यला घडीघडी."

राऊटर खाली, बैठकीत. मधे स्लॅब,
बाबांनी उन्हात उभं राहून ओतून घेतलेला,
सांगितल्यापेक्षा दोन सळया जास्त.
वायफाय त्यात शिरतं आणि परत येत नाही.

म्हणून मी बर्डीवरून दोन पांढरे डबे आणले,
साबणाच्या वडीएवढे, एक खाली, एक वर.
भिंतीतल्या तारेतूनच जाणार सगळं:
पंख्याची वीज आणि मास्तरचा बोरू, एकाच वाटेनं.
बाबा बत्तीस वर्षं लाइनमन.
त्यांनी डबा कानाशी हलवून पाहिला.
"तारीत लाइट असते, बापा. अक्षरं कुठची?"

आणि तसंच झालं. मी डबा खोचला होता
एक्स्टेन्शन बोर्डात, तीन चार्जरच्या गर्दीत.
"पाव्हण्याले दारातच बसवून ठेवलं का?
थेट भिंतीत लाव."
लावला. दोनाचे पाच झाले.
मग कूलर सुरू केला, आणि पाचाचा एक.

छेचाळीस डिग्रीत कोण कूलर बंद करेल?
आईनं केला. वीस मिनिटं,
पदरानं चष्मा पुसत, 'ख' पर्यंत पोचली.
मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत ती चिठ्ठी:
इतवारीच्या कुण्या सूतवाल्याची,
पाठीवर हळदीचा डाग, पुढे अर्धा तळहात मोडी.
तिच्या आजोबांचं, सोनबांचं, नाव त्यात असावं
असं तिला वाटतं. वाचता कुणालाच येत नाही.

रात्री बाबांनी लाइट बिलाच्या पाठीवर
अख्खं घर काढलं, पट्टी न घेता.
कुठल्या कोपऱ्यात पाइप वळतो,
कुठल्या डबीत जॉइंट आहे, कुठे अर्थिंग कच्चं.
पेन्सिल जिन्यापाशी थांबली.
"वरचं अठ्ठ्याण्णवात बांधलं. ते पिवळ्यावर टाकलं मी.
खालचं लाल."
मग बराच वेळ काही नाही.
"दोघं दोन फेजवर. बोलणं पोचंन कसं?"

आई तीन वर्षांपासून वर झोपते.
गुडघे दुखतात तरी वर.
कारण मला कुणी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

रविवारी सकाळी सहाला मेन स्विच खाली.
टेस्टर लावून पाहिला, मग उलट्या हाताचा स्पर्श,
जुनी सवय. स्टुलावर चढलेले बाबा,
बनियनवर घामाचा नकाशा,
दातात इन्सुलेशन टेप. मी फक्त टॉर्च धरलेला.
वरची अख्खी खोली लालवर आणली.
"एका खोलीत दोन फेज ठेवू नये,
पोरं मरते त्यानं."
कूलर तसाही खिडकीबाहेर, स्टँडवर;
त्याला गॅलरीतल्या पॉइंटवर पिवळ्यातच ठेवला.
"तू तिकडं बोंबल," त्याला म्हणाले.

अकरा. कधी बारा.
कूलर धडधडत होता, ओल्या वुडवूलचा वास येत होता,
आणि बोरू चालत होता,
'क' मधून 'ख'त, 'ख' मधून 'ग'त,
वळसा घेऊन वरच्या रेघेला पुन्हा शिवत.
आई बोटानं चादरीवर त्याच्या मागे मागे.

संध्याकाळी तिनं पिशवीतून चिठ्ठी काढली.
"सू... त. हे सूत. हे... बाकी.
बाकी रुपये साडेतीन."
खालून बाबा, जिन्याच्या पहिल्या पायरीवरून:
"कोणाकडं बाकी? आपल्याकडं का त्याच्याकडं?"
"नाव नाही लागत अजून."
"मंग पाह्य ना पुढचा धडा. आता तं चालते."
एक पायरी वाजली. मग दुसरी.
आई पडद्याकडेच बघत म्हणाली,
"या, पण बोलू नका.
त्यानं अजून हात उचलला नाही."