कॉरनला हाक

इन्व्हरनेसहून चषक आणला त्या वर्षी
मी एकोणीस वर्षांचा,
आणि माझ्या बोटांत एकही चूक नव्हती.

उइस्टच्या शाळेत शनिवारी नाच होता.
खांद्यावर तीन नळ्या घेतल्या,
काखेत पिशवी दाबली,
कागदावर होतं तसं वाजवलं, टिंब न् टिंब.
दुसऱ्या फेरीला तोर्मोद मॅकफी खाली बसला.
मग त्याची मेहुणी.
मग सगळ्यांनाच एकदम चहाची आठवण झाली.

कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे बोलत नाहीत.

परतताना ऑयरिक तेवढी सोबत आली.
जन्मात तिनं पाइप हाती धरला नव्हता.
कोंबड्या होत्या अकरा,
गाणी किती, ते तिलाही ठाऊक नव्हतं.
कुंपणाशी थांबून म्हणाली,
"कुत्र्याला हाक मार तुझ्या."
"आत्ता?"
"मेंढ्यांपाशी असेल. मार."

मारली.
'कॉ'वर घाव, आखूड, खुंटी ठोकल्यासारखा,
आणि 'रन' वाऱ्यावर सोडलेला,
लांब, लांब,
पार किनाऱ्याच्या गवतापर्यंत.

"हे तुझ्या कागदावर कुठे होतं?"

पाइपला श्वास घ्यायला उसंत नसते.
एकदा पिशवी फुगली की सूर वाहतो
एकाच जाडीचा,
हळू म्हटलं तर हळू होत नाही,
जोरात म्हटलं तर जोरात नाही.
मग वजन द्यायचं कशानं?
काळानं.
एका सुराचा चिमूटभर काढून
दुसऱ्याच्या पदरात टाकायचा.
ऱ्हस्वावर भार, दीर्घावर विसावा,
मध्ये बोटाची एक टिचकी,
कानाला कळेतो निघून गेलेली.

आजोबा धून तोंडानं द्यायचे,
हिन-दो, हो-द्रो,
शेगडीपाशी, बूट वाळवताना.
मला वाटायचं, म्हातारा बरळतो.

त्या रात्री पाइप पेटीतच राहिला.
घरापर्यंत नुसती नावं म्हणत गेलो:
तळ्यांची, खडकांची,
कॅनडाला गेलेल्या चुलत्यांची.
प्रत्येक नाव पहिल्या पावलाला ठेचकाळून
पुढे सैल चालत होतं.
एकोणीस वर्षं मी तेच बोलत होतो.

पुढच्या शनिवारी तोर्मोद अर्धी फेरी नाचला.
गुडघा दुखतो म्हणाला, बसला.
पण बाकाखाली त्याचा डावा बूट
फळीवर चालूच होता,
माझ्याही जरा पुढे.