सांधा

आमच्या वस्तीचं सांडपाणी उताराने जातं,
भिंतीखालच्या लोखंडी जाळीतून पलीकडे,
त्यांच्या अवाकाडोच्या बागांकडे.
त्याला आजवर कुणी परवाना विचारलेला नाही.

मी विसाल. नगरपालिकेच्या पंपघरात
रात्रपाळी, नऊ वर्षं.
वीज गेली की पंप बसतो,
पंप बसला की घाण त्यांच्या झाडांत,
आणि त्यांनी जाळी पाडली
की तीच घाण उलटी फिरून आमच्या गल्लीत,
उम्म नाहिदच्या बेकरीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत.
म्हणून एक फोन आहे.
पलीकडे तिर्त्सा नावाचा आवाज आहे.

तिला अरबीतला एकच शब्द येतो: शवय.
मला हिब्रूतला एकच: रेगा.
ती म्हणते हळू, मी म्हणते थांब जरा,
आणि मधल्या जागेत आकडे.
एक मीटर दहा. एक मीटर चाळीस.
आकडे दोन्हीकडे सारखेच भिजतात.

चेहरा मी पाहिलेला नाही. खोकला ओळखते.
तिने सिगारेट सोडली
ते तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळलं असणार.

त्या वर्षी, ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत,
अकरा रात्री पलीकडून फोन आला नाही.
मीही केला नाही, खरं सांगायचं तर.
माझा मावसभाऊ त्याच आठवड्यात गेला.
तिचं कोण गेलं, मी विचारलं नाही.
गल्लीत पाणी होतं. मुलं विटांवरून चालत होती.
बाराव्या रात्री घंटा वाजली.
"दोन मीटर पाच," माझ्या भाषेत म्हणाली,
कुठून शिकून आली होती कोण जाणे.
मी म्हटलं, उघड.
तिने उघडलं.
याला मैत्री म्हणू नका.
दुसरं नाव माझ्याकडे नाही, आणि नकोही आहे.

आज रेडिओवर पुन्हा वाटाघाटी.
कुठल्याशा समुद्रकाठच्या हॉटेलात माणसं पोचलीत,
टेबल गोल की लांब, यावर दुपार गेली.
बातमीदार म्हणतो, संधी आहे.
मी शब्द पाइपांवर ठोकून बघते:
संधी म्हणजे सांधा,
आणि गळतं ते नेहमी सांध्यातच.
बिनसांध्याचा पाइप गळत नाही,
पण तो कुठे पोचतही नाही.

मला विचारलं असतं (कोण विचारतंय)
तर सांगितलं असतं, झडप एकदम उघडू नका,
कोंडलेलं पाणी हातोड्यासारखं येतं.
पाव फेरा द्या. कान लावा.
ताग गुंडाळा, वर मलम थापा,
बोटांना आठवडाभर वास राहील, राहू दे.
कुणाचा वाटा किती, हे ठरवताना
वाटेत कोण राहतं तेही बघा.
आणि पहिल्याच रात्री गळलं
तर पाइप फेकून देऊ नका.
खाली बादली ठेवा.

आशा? उम्म नाहिद म्हणते, सातव्यांदा ऐकतेय,
आणि बोलताना तिचं पीठ मळणं थांबत नाही.
मला त्यावर काही सुचलं नाही.
टॉर्चमध्ये मात्र आज नवे सेल घातले,
आणि किराणावाल्याच्या पोराला,
जो परवाने बंद होण्याआधी
पलीकडे फरशा बसवायला जायचा,
विचारलं, उद्या याला त्यांच्यात काय म्हणतात रे?
त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.
साखरेची पुडी बांधली, सुटे पैसे मोजले.
मग म्हणाला, माखार.
ख घशातून काढा, काकू.

तीन वाजून दहा. पाणी चढतंय.
फोनवर हात ठेवून
मी घसा खाकरते.