अनामत

मी खिडकीच्या आतला माणूस.
खाडीच्या तोंडाशी आमचं इस्पितळ,
वीस खाटांचं, खाजगी,
मी तिथला संध्याकाळचा कॅशियर.
समोरच्या भिंतीवर रुग्णहक्कांची सनद आहे,
लावावी लागते म्हणून लावलेली.
तिच्यापुढे पाण्याचा फिल्टर.
पहिल्या दोन ओळी दिसतात,
तातडीची ओळ नेमकी नळामागे जाते.
सहा वर्षं मी त्या नळाचं पाणी पितोय.

ते आले आंबा उतरवायच्या दिवसांत,
साडेसातला, मासळीच्या टेम्पोतून.
टेम्पोतून बर्फाचं पाणी ठिबकत होतं
आणि माणसाच्या हिरड्यांतून रक्त.
कलमांचा राखणदार, नेपाळकडचा,
टेकबहादूर रोकाया.
पातेरा ओढताना फुरसं डसलं.
बागवाल्याचा फोन लागत नव्हता.
आणणारी, कोयंड्यांची द्रौपदी,
मनगटापर्यंत खवले चिकटलेले.

मी विचारलं, आधार कार्ड?
मी विचारलं, जबाबदार कोण?
मी म्हटलं, पाच हजार अनामत, मग केसपेपर.
हे मी दुष्टपणानं म्हणत नाही.
या, बसा, म्हणावं तसं म्हणतो.

तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली.
सातशे नव्वद रुपये,
नोटा इतक्या ओल्या की एकमेकींना सोडेनात.
मी म्हटलं, मग जिल्ह्याच्या ठिकाणी न्या,
सरकारीत लस फुकट आहे, दीड तासाचा रस्ता.
ती म्हणाली,
"दीड तास ह्येचा रगात माजी वाट बगीत ऱ्हवतला?"

डॉक्टर नाईकधुरे वरच्या मजल्यावरून
चप्पल न घालताच उतरल्या.
कोऱ्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं,
नळी उभी केली माझ्याच टेबलावर,
पावतीबुकाला टेकवून.
वीस मिनिटं हलवायची नाही, म्हणाल्या,
गोठलं तर बरं.
मी घड्याळ पाहिलं
आणि उगाच हिशेब केला:
टेम्पो थांबल्यापासून माझे प्रश्न संपेपर्यंत
अठरा मिनिटं गेली होती.
ती कुठल्याच नळीत मोजली नव्हती.

वेळ झाली. डॉक्टरांनी नळी कलती केली.
रक्त पाण्यासारखं वाहिलं.
त्यांनी मला काही विचारलं नाही.
फ्रिज उघडला, कुप्या काढल्या,
माझ्या रजिस्टरवर आडवं लिहिलं, पैसे नंतर,
आणि खाली सही केली, कागद फाटेल इतकी दाबून.

फॉर्म मात्र भरावाच लागतो.
रुग्णाशी नातं?
द्रौपदी क्षणभर थांबली.
"गिऱ्हाईक," म्हणाली.
"बुधवारी बांगडे न्हेता.
चाळीस रुपये येवचे आसत माजे."
मी लिहिलं: परिचित.

टेकबहादूर सहाव्या दिवशी चालत घरी गेला,
म्हणजे बागेतल्या पत्र्याच्या खोपीत.
बिल बागवाल्यानं भरलं
आणि पगारातून कापलं, असं ऐकलं.

मी एकदा मान तिरपी करून
नळामागची ओळ वाचली.
तातडीच्या वेळी पैशांसाठी
उपचार अडवता येणार नाहीत, वगैरे.
साधं मराठी होतं. कळायला कठीण नव्हतं.
त्या रात्री फिल्टर वीतभर सरकवला.
सकाळी कुणीतरी तो परत जागेवर नेला,
वायर पोचत नव्हती म्हणून.

परवा बाजारात गेलो.
पाटीवर ओलं फडकं, मागे द्रौपदी.
म्हटलं, बांगडे कसे दिले?
तिनं मला ओळखलं.
"आधार कार्ड हाडलास?" म्हणाली.
"आणि पाच हजार अनामत भर आदी,
मगे दाखयतंय."
शेजारच्या बाया खो खो हसल्या.
मीही हसायचा प्रयत्न केला.
फडकं काही तिनं
लगेच उचललं नाही.