हिरव्या कोटाचा भाडेकरू

झेकमधून मराठीत आणताना
एका शब्दापाशी दोन दिवस अडलेय.
पाण्यात राहणारा, हिरव्या कोटाचा,
कोटाच्या टोकातून सतत ठिबकणारा तो.
जलपुरुष म्हणावं, तर कॅलेंडरावरचा वाटतो.
आसरा म्हणावं, तर त्या साती जणी बायका.

नव्या गोष्टीत तो तळं सोडून शहरात आलाय.
चौथा मजला, मोरीसकट एक खोली,
खिशात ट्रामचा पास.
बुडालेल्यांचे जीव
पालथ्या कपांखाली कोंडून ठेवायचा पूर्वी;
आता त्याच कपांतून शेजारणीला कॉफी देतो.

समोरच्या खोलीतली ऋजुता टेबलाखाली बसून ऐकते.
"आपल्याकडे आला तर राहील कुठे?"
मिठी नदीत, मी म्हणते.
ती नाक मुरडते.
मग गच्चीवरची टाकी?
"तिला कुलूप आहे. किल्ली सेक्रेटरीकडे."

पहाटे साडेचार. काळाचौकीच्या नाक्यावर
पालिकेचे घाडी येतात,
पुरुषभर लांब लोखंडी चावी खांद्यावर.
रस्त्यातलं झाकण सरकवतात, वाकतात,
अंगाचा भार टाकून फिरवतात,
आणि चारही मजल्यांचे नळ
आधी खोकतात,
मग बोलू लागतात.

ऋजुता गॅलरीत, डोळे चोळत:
"बघ ना, बाही ठिबकतेय त्यांची."

पान चौदा. सगळे शब्द खोडले.
लिहिलं : चावीवाला.
संपादक म्हणतील, हे मुळात नाही.
नसू दे.

ओट्यावर कालचे कप पालथे होते.
एकेक सुलटा केला,
खाली नुसती पाण्याची वर्तुळं.
शेवटचा मात्र
उचलला नाही.