कदाचित, सकाळी उपाशीपोटी

अकरा वर्षं माझं नाक म्हणजे
लिलावात कुणीच न घेतलेली मानस.
चोडणबाहेरच्यांसाठी सांगते :
खाजनाच्या बांधात बसवलेलं लाकडी दार,
ओहोटीला आपसूक उघडतं,
भरतीला आपसूक मिटतं.
फळ्या कुजल्या, की आत आलेलं पाणी
आतच राहतं, हिरवं होतं.

तसं माझ्या गालांच्या हाडांत.
वाकून झाडू मारायला गेले
की कपाळात अख्खं शेत कलंडायचं.

दोन ऑपरेशनं बांबोळीला.
अँटिबायोटिकच्या रिकाम्या पट्ट्या
बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे, हिशेब म्हणून.
सोळाव्या वेळी झाकण लागेना,
तेव्हा हिशेब सोडला.

वास गेला ते आधी पिठाला कळलं.
सान्नांचं पीठ मी कधी घड्याळावर फुगवलं नाही.
आग्नेल माडावरून उतरून
सूर देऊन जायचा बाटलीतून,
मी ती पिठात मिसळून फडकं बांधायचे,
आणि पहाटे कधीतरी वासच हाक मारायचा :
ऊठ, झालं.

मग हाक येईना.
रायबंदरच्या हॉटेलवाल्यानं दोन डझन परत पाठवल्या,
चिठ्ठी नाही, निरोप नाही,
वरचं केळीचं पान तेवढं नीट झाकलेलं.
मी नाकाला दोष दिला नाही.
आग्नेलला म्हटलं, तुझी सूर बदललीय.
तो काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवसापासून
अर्धा तास आधी माडावर चढू लागला.

ह्या खेपेला डॉक्टर नवी होती, कुंकळ्येकर.
पेन खाली ठेवून म्हणाली,
आपण वाईट जंतू मारत गेलो,
त्यांच्याबरोबर चांगलेही गेले असतील.
काही जण आता उलटं करून बघतायत,
मारायचे नाहीत, पेरायचे.
दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद.
कुणाला बरं वाटलं, कुणाला काहीच नाही.
पुरावा तोकडा आहे अजून.
मिठाच्या पाण्यानं नाक धुणं मात्र सोडू नका.

म्हटलं, गुण येईल?
म्हणाली, कदाचित.

आधीच्या सगळ्यांनी मला शंभर टक्के दिले होते.
एवढा लहान शब्द कुणी दिला नव्हता.
हातात मावला.

फार्मसीवाला म्हणाला, थंड ठेवा, जिवंत आहेत.
मग काय, फेरीबोटीत
बांगड्यांच्या पिशवीतल्या बर्फाला टेकवून
ती डबी मी पोरासारखी सांभाळली.
मेलेले एक डझन, जिवंत काही कोटी,
आणि मधे मी.
हसू आलं, शिंक आली, दोन्ही अर्ध्यात राहिलं.
जन्मभर मी लोकांच्या नाश्त्यात
फुगणारे, बुडबुडणारे जीव घालत आले,
कुणी चिठ्ठी मागितली नाही.
आता पैसे मोजून गिळायचे,
सकाळी, उपाशीपोटी.

सात आठवडे झाले.
डॉक्टरनं विचारलं, दहापैकी किती?
मी म्हटलं, दोन.

कारण मंगळवारी ओहोटीला
विश्राम मानशीच्या नव्या फळ्या ठोकत होता,
आणि बांधावरून चिखलाचा वास आला.
कुजका, खारट, खेकड्यांच्या बिळांचा.
बाकीच्यांनी नाकाला पदर लावला.
मी तिथंच उभी.
गोळ्यांनी असेल, मिठाच्या पाण्यानं असेल,
हवा पालटली म्हणूनही असेल.
बुधवारी परत काहीच नाही.

संध्याकाळी आग्नेल बाटली घेऊन आला.
मी त्याला म्हटलं,
तुझी सूर कधी बदलली नव्हती रे.

कमरेची कोयती सोडता सोडता तो म्हणाला,
म्हाका खबर आशिल्लें, वयनी.
मग जरा थांबून,
फाल्यां चड हाडूं?

मी म्हटलं, नको,
आहे तेवढीच आण.
पीठ किती भिजवायचं ते
मला अजून ठरवता येत नाही.