विस्तवाशिवाय

साडेनऊला शिरोलीहून घरी आलो की
आधी बराच वेळ हात नळाखाली धरतो.
नखांतली काळी वाळू काही जात नाही,
पण बोटं गार होतात.
मग ओट्याशी उभा राहतो,
शेगडीकडे पाठ करून.

दिवसभर माझ्यासमोर लोखंड वितळत असतं, वैजू.
चौदाशे डिग्री.
काळ्या काचेतून बघितलं तरी डोळ्यांत घुसतं.
घरी आल्यावर काडी ओढावीशी वाटत नाही,
लायटरची टकटकसुद्धा नको होते.
तुला खोटं वाटेल.

तू गडहिंग्लजला गेलीस,
आईंच्या पायाचं प्लास्टर निघेपर्यंत म्हणून.
पहिले चार दिवस मी आणि स्वरानं
कोपऱ्यावरच्या मिसळीवर काढले.
पाचव्या दिवशी पोरगी मैदानात
तिसऱ्या फेरीला पोट धरून बसली.
तिचे सर मला बाजूला घेऊन म्हणाले,
"कट पिऊन कोण पळतंय व्हय?"

त्या रात्री लोणच्याची बरणी रिकामी केली,
तुझ्या माहेरची ती, बुटकी.
तीनदा घासली.
झाकणाला कैरीचा वास अजून आहे,
असू दे.
ओट्स चार मुठी,
माझ्या मुठी, तू सहा धर.
वर दही, डेअरीतलं, फार आंबट नसलेलं,
पाणी जरासं,
मनुका, जवस,
दोन खजूर बिया काढून
(एकदा एक बी राहिली, तेव्हापासून मोजतो)
आणि शेवटी काकवी,
सांगरूळच्या गुऱ्हाळातली, चमचाभर.
तिची तार तुटता तुटत नाही,
बाटलीखाली रोज एक गोल उमटतो
आणि सकाळी त्यावर मुंग्यांची जत्रा.

हिंदुराव काका दारातूनच वाकून बघून गेले.
"घोड्याचा खुराक रं हा!
आमच्या तालमीत रात्री हरभरं भिजायचं,
ज्याची त्याची वाटी, ज्याचा त्याचा कोपरा,
पहाटे चार बैठका कमी झाल्या
तर वस्ताद वाटी पालथी करायचा."
दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाच्या हातून
कागदाच्या पुडीत आठ बदाम आले.
पाण्यात टाकून ठेव, एवढाच निरोप.

अकरा वाजता स्वरा फ्रीज उघडते.
चमचा घेऊनच आलेली असते.
मी आतून ओरडतो, अजून नको, बसू दे!
आणि मग माझं मलाच हसू येतं,
कारण हेच मी दिवसात वीसदा
नव्या पोरांना सांगत असतो.
रस ओतला की सगळे घाई करतात,
साचा लवकर फोडला की तडा जातो,
अख्खं कास्टिंग भंगारात.
थांबायला कुणी शिकवत नाही रे,
ते वाळूकडूनच शिकावं लागतं.
आता दह्याकडूनही.

दिवा मालवल्यावर
फ्रीजची घरघर ऐकत पडतो.
आत काय चाललंय कोण जाणे.
कुणी फुंकर घालत नाही, भाता नाही,
कुणाच्या कपाळावर घाम नाही,
तरी सकाळपर्यंत
कडक ते मऊ झालेलं असतं.
एवढ्या वर्षांत मला वाटायचं
आग लावल्याशिवाय काही बदलत नाही.

पाच दहाला ती बूट घालूनच खाते, उभ्यानं,
फरशीवर स्टडचे ठिपके.
वरून केळं चिरून देतो, बदामाची सालं काढून देतो.
"पप्पा, आज जरा घट्ट झालंय."
बरं, उद्या पाणी वाढवू.
गांधी मैदानापर्यंत तिला सोडतो,
धुक्यात दोन पोरी आधीच चेंडू उडवत असतात.

तर असं आहे. काळजी करू नकोस,
आईंच्या पायाचं काय ते बघ.
गॅस पंधरा दिवसांत पेटला नाही,
सिलिंडर तसाच भरलेला आहे.
फक्त एक सांगायचं राहिलं.
चहा मी रोज बाहेर पितो.
दोन. कधी तीन.
त्यावर अजून काही सापडलं नाही.