काट्यावरचं पुस्तक

पुस्तकाची पहिली सोळा पानं नाहीत,
म्हणून त्याचं नाव मला माहीत नाही.
सतराव्या पानावर एक बाई
दगडी कुंडापाशी उभी, हात कोपरापर्यंत जांभळे.
तबिया तिचं नाव. समुद्रकाठचं गाव, वेशीवर रोमी पहारा,
आणि रंगासाठी कुजवलेल्या शिंपल्यांचा वास
तिच्या केसांतून जात नाही.

मी घाटंजी रोडच्या जिनिंगमध्ये काट्यावर बसतो.
डिसेंबरात गाड्या रात्रभर येतात.
दोन गाड्यांच्या मध्ये दोन पानं होतात,
तिसऱ्याला खिडकीत हेडलाइट.
मग डाव्या हाताचं बोट ओळीवर,
उजव्या हातानं पावती.

"तिमाभाऊ, काय वाचून राह्यले एवढं?"
सुखदेव हमाल विचारतो.
"गोष्ट."
"खरी हाय का?"
"बाई खरी नसन. कुंड खरं असन."

चर्चमध्ये आम्ही अकरा घरं.
लहानपणापासून ऐकलेले ते पहिले लोक
मला कॅलेंडरातले वाटायचे,
धुतलेले झगे, जमिनीला न टेकणारे पाय.
या पुस्तकात त्यांच्या टाचांना भेगा आहेत.
भाकर मोडायच्या रात्री दोघी जणी मिठावरून भांडतात.
एक म्हातारा प्रार्थनेत घोरतो,
आणि मला आमचे अब्राहाम मास्तर दिसले,
दुसऱ्या बाकावर, तोंड उघडं.
काट्याच्या खोलीत मी एकटाच हसलो.
पन्नाशीला आलो तेव्हा कळलं,
हे तर नात्यातले निघाले.

पान एकशे बारा.
वेशीवर शिपाई विचारतो, तू त्यांच्यातलीच ना?
तबिया म्हणते, नाही. मी रंगारीण.
आणि हात वस्त्राखाली घेते.
शेजारी समासात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात:
मी पण.

मलपृष्ठाच्या आत नाव आहे.
एस्तेर खंडारे, नर्स, १९७१.
मंडळीत कुणाला ती नीट आठवत नाही.
कुणी म्हणतं तिला सायकल येत होती.
कुठल्या वेशीवर, कुणाला नाही म्हणाली असेल ती?
त्या रात्री मी दोघींसाठी प्रार्थना केली.
एक कधी झालीच नाही, हे ठाऊक असून केली.

जानेवारीत शेठचा पोरगा आला.
"काटा जरा हलका ठेवा. गाडीमागं पाच किलो. कोणाले समजते?"
मी हो म्हणालो नाही.
मान मात्र हलली.
त्या रात्री तीन गाड्या गेल्या, तीन पावत्या,
माझंच अक्षर.

चौथीची वाट बघत पुस्तक उघडलं.
तबिया दुसऱ्या दिवशी वेशीवर परत जाते.
कुणी बोलावलेलं नाही. पहारा बदललेला, शिपाई वेगळा.
तरी ती म्हणते, काल मी इथं खोटं बोलले.
तो जांभई देतो.
एवढंच. सिंह नाही, तुरुंग नाही,
आभाळ उघडत नाही.
ती घरी जाऊन कुंड ढवळायला लागते.

जांभईनंच मला हलवलं.
सकाळी तिघांना फोन लावले.
एकानं शिव्या घातल्या, एकानं चहा पाजला,
तिसऱ्यानं उचललाच नाही;
त्याच्या गावाला रविवारी उपासनेनंतर
नवी पावती घेऊन जाऊन आलो.

आता मला सरकीच्या गोदामात टाकलंय.
बल्ब एकच, तोही पार वर.
दोन पानांना आता आख्खी रात्र लागते.
'मी पण'च्या खाली मी काही लिहिलं नाही.
तिथं कापसाचा एक तंतू चिकटलाय,
तो राहू दिला.

काल सुखदेव आला, पोत्यावर बसला,
मोबाइलचा टॉर्च पानावर धरला.
"मंग? त्या बाईचं काय झालं?"
मी म्हणालो, अजून पोचलो नाही.
"वाचा ना मंग," म्हणाला,
"मोठ्यानं वाचा."